नैमिषारण्यातील श्रोता कोठे गेला?

बुलढाणा जिल्ह्यात माणसाचे गाव विचारण्याआधी तो घाटावरचा की घाटाखालचा, हे विचारण्याची रीत आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. काही वर्षांपूर्वी नवरात्रात घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी बहिणीकडे गेलो असता दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय पौराणिक मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा पाहण्याचा योग आला. मालिकेचे, गावाचे वा नटाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. कारण जे पाहिले ते कोणत्याही गावी, कोणत्याही मालिकेच्या बाबतीत घडू शकले असते.

बाजार समितीचे आवार दुपारपासूनच भरू लागले होते. मुलांच्या डोक्यांवर पुठ्ठ्याचे मुकुट होते, हातांत चमकीचा कागद लावलेली धनुष्ये आणि गेल्या हंगामातील पऱ्हाटीच्या काड्यांचे बाण होते. स्त्रिया निरांजनाची ताटे घेऊन पुढच्या रांगांत बसल्या होत्या. सहा वाजताचा कार्यक्रम साडेआठला सुरू झाला. उघड्या जीपमधून देव आले, मुकुटासह, धनुष्यासह. सत्कार करणाऱ्यांनी फेटा आणला होता. तो मुकुटावर कसा बांधावा या विचारात क्षणभर घोटाळून त्यांनी तो नटाच्या हातातच दिला. शाल झाली, श्रीफळ झाले. नटाने मालिकेतील दोन संवाद म्हटले, जयघोष झाला, आरती झाली आणि वीस-पंचवीस मिनिटांत देव आले तसे निघून गेले.

सातव्या इयत्तेत शिकणारी माझी भाची सोबत होती. प्रश्न विचारायचे असल्यास चिठ्ठीवर लिहून द्यावेत, असे निवेदकाने आरंभी सांगितले होते. तिने वहीचे पान फाडून प्रश्न लिहिला आणि मला दाखवला: ‘देवाला पुढचे सगळे ठाऊक असते, मग तो रडतो कसा?’ स्टीलच्या एका ताटात पन्नास-साठ चिठ्ठ्या जमल्या. त्यांतील एकही वाचली गेली नाही. कार्यक्रम संपल्यावर ते ताट व्यासपीठाच्या कडेला तसेच पडून होते. परतताना ती म्हणाली, “मामा, वाचायच्या नव्हत्या तर मागितल्या कशाला?” या लेखाचा विषय त्या चिठ्ठ्या आहेत.

अशा मेळाव्यांविषयी लिहिताना सुशिक्षित मंडळींचा सूर सहसा उपहासाचा असतो. पडद्यावरचा नट आणि देव यांतील भेद न कळणारी भाबडी जनता, असे वर्णन करून आपण मोकळे होतो. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हापासून हा सूर ऐकू येतो. रविवारी सकाळी साडेनऊला रस्ते ओस पडत, संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई, हे खरेच आहे. ज्या घरी संच असे त्या घरी आळी जमे. जागा नसेल ते खिडकीतून पाहत. एक मुलगा गच्चीवर ॲन्टेना धरून उभा असे आणि त्याला खालून कथा सांगितली जाई. परंतु यावरून त्या प्रेक्षकांना भेद कळत नव्हता, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल.

याला पुरावा आहे आणि तो मोठा गमतीचा आहे. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया १९९१ मध्ये बडोद्यातून लोकसभेवर निवडून गेल्या, ही गोष्ट भक्तिभावाने समजावून देता येईल. मात्र त्याच वर्षी रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी हेही साबरकांठ्यातून निवडून गेले! मतदारांना पडद्यावरचे सारे खरेच वाटत असते तर त्यांनी रावणाला दिल्लीस कसे पाठवले असते? ‘महाभारता’तील कृष्ण, आपले नीतीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरहून आणि राम झालेले अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठहून खासदार झाले. प्रसिद्धीचे राजकीय भांडवल होते, एवढे यावरून दिसते. लोक फसतात, हे दिसत नाही.

आपल्या खेड्यांना सोंग नवे नाही. बहुरूपी दाराशी येतो तो कधी देव होऊन, कधी फौजदार होऊन. घरातली माणसे त्याला पाहून घाबरल्यासारखे करतात, पाया पडल्यासारखे करतात आणि शेवटी सुपात धान्य घालतात ते देवाला नव्हे, बहुरूप्याला. सोंग संपते आणि माणूस उरतो, हा त्या खेळाचा अलिखित करार असतो. आपल्या धर्मग्रामातील नाताळच्या नाटिकेतही हेच घडते. योसेफ झालेला मुलगा कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही गव्हाणीपुढे तो गुडघे टेकतो तेव्हा मंडपात शांतता पसरते. भाव आणि भान ही दोन्ही एकाच वेळी नांदू शकतात. मेळाव्यातील निरांजनाची ताटे पाहून म्हणूनच मला खंत वाटली नाही. खंत वाटली ती चिठ्ठ्यांच्या ताटाची.

पाश्चात्त्य देशांत चाहत्यांचे जे मेळावे भरतात त्यांच्याशी येथे तुलना करणे अस्थानी होणार नाही. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथेच्या मालिकेचा मोठा मेळावा न्यूयॉर्क येथे जानेवारी १९७२ मध्ये भरला, तेव्हा काही शे माणसांची अपेक्षा असताना काही हजार आली. मालिका १९६९ मध्येच बंद पडली होती. त्याआधी, ती बंद होणार अशी वार्ता येताच, प्रेक्षकांनी पत्रांचा वर्षाव करून तिचे आयुष्य वाढवले होते. अशा मेळाव्यांत वेशभूषा असते, विक्री असते, पोरकटपणाही भरपूर असतो. पण तेथे नटाच्या आणि लेखकाच्या समोर ध्वनिक्षेपक ठेवलेला असतो आणि सामान्य प्रेक्षक त्यात विचारतो: अमुक पात्र असे का वागले? तमुक भागातील घटना आधीच्या भागाशी कशी जुळते? उत्तर समाधानकारक मिळतेच असे नाही. तरीही कथेविषयी कथाकाराला जाब विचारण्याचा श्रोत्याचा हक्क तेथे मान्य झालेला असतो.

हा हक्क परदेशातून आणावयास हवा, असे मात्र मुळीच नाही. तो आपल्याकडे फार जुना आहे. महाभारताची कथा सुरू होते ती नैमिषारण्यात. शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात ऋषी जमले आहेत, सूत उग्रश्रवा येतो आणि ऋषी त्याला विचारतात. त्याने सांगितलेली कथाही वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेली, म्हणजे पुन्हा प्रश्नोत्तररूपच. भागवतात परीक्षिती विचारतो आणि शुक सांगतो. प्रश्न विचारणाऱ्याला काढून टाका, पुराण पुढे सरकणार नाही. श्रोता हा तेथे कथेच्या आत बसलेला आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची (१६१६) घडणही हीच आहे, याची आठवण या नियतकालिकाच्या वाचकांस करून देण्याची गरज नसावी. सासष्टीतील नवख्रिस्ती श्रोता विचारतो की, जुनी पुराणे आता मागे पडली, तर त्यांच्या जागी स्वभाषेत आम्हांला काय देणार? त्या मागणीतून ग्रंथ उभा राहतो. पुढेही कथा चालू असता श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्रीगुरू थांबून उत्तर देतात. परदेशातून आलेल्या त्या इंग्रज धर्मगुरूने या भूमीतील कथेची केवळ ओवी उचलली नाही. श्रोत्याची जागाही ओळखली. ओवीचे कौतुक आपण पुष्कळ केले, त्या श्रोत्याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले.

दूरचित्रवाणीच्या युगातही हा श्रोता एकदा मोठ्याने बोलला होता. ‘रामायण’ मालिकेला प्रथम बावन्न भागांची मंजुरी होती. ती वाढत अठ्ठ्याहत्तरांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ रोजी, रामाच्या राज्याभिषेकानंतर, मालिका थांबली. उत्तरकांड वगळले गेले होते. तेव्हा पंजाबातील जालंधर येथे सफाई कामगारांनी संप पुकारला आणि तो इतर शहरांतही पसरला. ही माणसे वाल्मीकी समाजाची, आदिकवीला आपला पूर्वज आणि गुरू मानणारी. ज्या कांडात वाल्मीकी स्वतः पात्र म्हणून येतात, सीतेला आश्रय देतात आणि लव-कुशांना वाढवतात, ते कांडच गाळले तर कथा पुरी कशी झाली, असा त्यांचा प्रश्न होता. सरकारला तो ऐकावा लागला आणि उत्तरकांडावरील पुढची मालिका पडद्यावर आली. त्या मालिकेवर वृत्तपत्रांतून पुष्कळ अभिप्राय छापून आले. परंतु तिच्या रचनेवरील सर्वांत मर्मभेदी टीका झाडू खाली ठेवलेल्या हातांनी केली, असे मला वाटते. कथेतून कोण वगळले गेले, हे ओळखणे हे समीक्षेचे पहिले काम आहे.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली. १६ एप्रिलचा भाग सात कोटी सत्तर लाख प्रेक्षकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. संख्या प्रचंड आहे. पण प्रत्येक जण आपापल्या घरात बंद होता. गच्चीवरच्या मुलाला खालून कथा सांगण्याचा प्रसंग उरला नव्हता. प्रेक्षक वाढला आणि श्रोतृवृंद विरला, असे या काळाचे वर्णन करता येईल. म्हणूनच बाजार समितीच्या आवारात माणसे प्रत्यक्ष एकत्र आली, या गोष्टीचे मोल मला कमी वाटत नाही. आलेल्यांना केवळ हात जोडण्याचे काम उरावे, हे मात्र खटकते. आपल्याकडे सत्कार होतो, संवाद होत नाही. शाल पांघरली की माणूस प्रश्नांच्या पलीकडे जातो, अशी आपली समजूत झाली आहे. आणि साहित्य संमेलनांपासून धर्मग्रामांच्या वार्षिक सोहळ्यांपर्यंत, आपणही तिला अपवाद नाही.

माझ्या भाचीच्या चिठ्ठीकडे पुन्हा वळतो. तिचा प्रश्न पोरकट नव्हता. सीतेच्या शोधात व्याकूळ झालेला राम साकारताना प्रत्येक नटाला तो सोडवावा लागतो: रडायचे ते देव म्हणून, की माणूस म्हणून? लीला म्हणून रडला तर अश्रू खोटे ठरतात आणि खरोखर रडला तर सर्वज्ञता उणावते. त्या नटाने कॅमेऱ्यापुढे याचे काही उत्तर दिलेच असणार. ते त्याने चार वाक्यांत सांगितले असते तर त्या संध्याकाळी मुलांना अभिनय म्हणजे काय हे कळले असते आणि कदाचित त्यालाही आपण काय केले ते नव्याने उमगले असते.

हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात लाजरच्या कबरेपाशी येशू रडतो, आणि काही क्षणांनी तो लाजरला हाक मारून बाहेर बोलावणार असतो. पुढचे ठाऊक असताना अश्रू कशासाठी? दोन हजार वर्षे भाष्यकार याचे उत्तर शोधत आले आहेत. मला स्वतःला वाटते की, पुढचे ठाऊक असणे आणि समोरच्याचे आजचे दुःख आपले करणे यांत विरोध नाही. मरिया रडते आहे, एवढे कारण पुरेसे आहे. भाचीला मी हेच सांगितले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “पण मग त्याने आधीच का नाही यायचं?”

मरिया आणि मार्था, दोघी बहिणींनीही त्याला हेच ऐकवले होते. शुभवर्तमानकाराने त्यांची तक्रार गाळली नाही. कथेच्या मध्यभागी ठेवली. चाहत्यांचे मेळावे यापुढेही भरत राहतील आणि ते भरावेत. मुकुट असावेत, पऱ्हाटीचे बाण असावेत, ज्याला आरती ओवाळायची असेल त्याने ती ओवाळावी. संयोजकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, चिठ्ठ्या मागितल्या तर निदान दहा तरी वाचाव्यात. त्यांतील एखादी नैमिषारण्यातून आलेली असू शकते.