संवादाचे साधन आणि संवादाचा अधिकार : लातूर-नांदेड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

लोकसेवी संस्थांनी आपले म्हणणे लोकांपर्यंत कसे पोहोचवावे, हा प्रश्न वरवर पाहता तंत्राचा वाटतो. रेडिओ, बोलपट, दूरचित्रवाणी आणि आता भ्रमणध्वनी अशी साधने एकामागून एक हाती आली. आणि प्रत्येक नव्या साधनाबरोबर जुनी अडचण आता दूर होईल, अशी आशाही व्यक्त झाली. इतर संस्थांना व गावांना ही साधने हाताळण्यास शिकविणे हेच ज्यांचे कार्य, अशा संस्थाही महाराष्ट्रात उभ्या राहिल्या. परंतु साधन हाती येणे आणि बोलण्याचा अधिकार हाती येणे या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद न केल्यामुळे या विषयावरील लेखन बहुधा गौरवाकडे तरी झुकते किंवा उपहासाकडे तरी. प्रस्तुत निबंधात तो भेद लक्षात घेऊन मराठवाड्यातील दोन प्रयोगांची तपासणी केली आहे.

(१)

तपासणीचा निकष मराठी प्रदेशातच, फार पूर्वी सिद्ध झालेला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, ग्रामीण रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी त्याची योजना होती. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी त्याचे मूल्यमापन करताना मंडळे असलेल्या गावांची मंडळे नसलेल्या गावांशी तुलना केली. या प्रयोगाचे मर्म रेडिओ यंत्रात नव्हते. ऐकणाऱ्याचे उत्तर बोलणाऱ्यापर्यंत परत जाण्याची जी वाट त्यात राखली होती, तिच्यात होते. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि हा प्रयोग त्याच्या वाट्यास आला नाही. तथापि परतीची ही वाट आहे किंवा नाही, हा निकष मराठवाड्यातील पुढील प्रयोगांनाही लावता येतो.

(२)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. बावन्न गावांचे पुनर्वसन करण्यात आले. याशिवाय ज्या गावांत घरे उभी होती परंतु दुबळी झाली होती, तेथे दुरुस्ती व बळकटीकरणाचा स्वतंत्र कार्यक्रम शासनाने हाती घेतला. तो पार पाडण्यात तांत्रिक अडचणीपेक्षा संवादाची अडचण मोठी होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी या भागातील घरांची जुनी पद्धत. याच घरांनी आप्तांना गाडले, म्हणून दगडाविषयीच लोकांच्या मनात भय बसले होते. दगड टाकून न देता भिंतीच्या आरपार दुवा-दगड घालावेत, कोपरे बांधून घ्यावेत, माळवदाचे ओझे कमी करावे, हे अभियंत्याचे सांगणे शास्त्रशुद्ध होते. पण ऐकणाऱ्याला ते जिवावर उदार होण्यासारखे वाटत होते.

या ठिकाणी प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे लोकसहभागाचे काम आले, आणि गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमण्यात आल्या. अनुदानाचे नियम घरोघर समजावून सांगणे, बांधकामावर लक्ष ठेवणे, आणि कुटुंबाची अडचण अभियंत्यापर्यंत व अधिकाऱ्यापर्यंत नेणे, अशी त्यांची कामे होती. यांच्या हाती नवे म्हणावे असे कोणतेही साधन नव्हते. तरीही येथे संवाद घडला. कारण निरोप दोन्ही दिशांनी वाहत होता, आणि तो वाहणारी व्यक्ती स्वतः त्याच तडकलेल्या घरात राहत होती. घराविषयीच्या सार्वजनिक चर्चेत ज्या स्त्रीला पूर्वी स्थान नव्हते, तिला या पदाने ते दिले. 'सहायक' हा शब्द मात्र येथे विचार करावयास लावतो. ती कोणाची सहायक, शासनाची की गावाची? नेमणूक वरून आणि निष्ठा खालून, हा ताण या पदातच अंतर्भूत होता; आणि बहुधा त्या ताणामुळेच ते उपयुक्त ठरले.

(३)

दुसरा प्रयोग साधनांनी समृद्ध आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोचली. त्याच उन्हाळ्यात लातूरच्या सीमेलगतच्या अंबाजोगाई तालुक्यात, तसेच वरुड व कोरेगाव तालुक्यांत, पानी फाउंडेशनने 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही स्पर्धा प्रथम भरविली. आमीर खान व किरण राव यांनी स्थापिलेल्या आणि सत्यजित भटकळ यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या या संस्थेने बांधकामासाठी निधी वाटण्याऐवजी ज्ञान आणि उत्साह वाटण्याचे ठरविले. पाणलोटाचे शास्त्र प्रशिक्षणवर्ग, खेळ व चित्रफिती यांच्या द्वारे शिकवावे, श्रमदान गावाने करावे, आणि त्या श्रमाची कथा दूरचित्रवाणीवरून सर्व महाराष्ट्राला सांगावी, अशी ही रचना. २०१८ पर्यंत स्पर्धेचा विस्तार पंचाहत्तर तालुक्यांपर्यंत झाला.

शिकविणाऱ्या चित्रफिती आणि कथा सांगणाऱ्या चित्रफिती या दोन वेगळ्या साहित्यजाती होत, आणि त्यांचे मूल्यमापनही वेगळे केले पाहिजे. पहिल्या प्रकाराची गुणवत्ता निर्विवाद आहे. समपातळी चर कसा आखावा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम कोणत्या क्रमाने करावे, हे अल्पशिक्षित माणसालाही कळेल अशा रीतीने दाखविणे सोपे नाही. परिभाषेच्या ओझ्याखाली दडपलेल्या कृषिविस्ताराच्या वाङ्मयाला हा एक मोठाच धडा होय.

दुसऱ्या प्रकारात मात्र कथेचे नियम वस्तुस्थितीवर अंमल गाजवू लागतात. कथेचा साचा साधारणतः असा : गाव दुभंगलेले आहे, कोणी एकजण एकाकीपणे खोदू लागतो, हळूहळू सारे गाव जमते, पाऊस येतो आणि चर भरतात. कीर्तनाच्या आख्यानात वाढलेल्या प्रेक्षकाला हा घाट परिचित आहे, आणि त्याचे आवाहनही त्यामुळेच प्रबळ आहे. परंतु आख्यान पावसापाशी संपते, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. जिरलेले पाणी वर येते ते विहिरीत आणि विंधनविहिरीत. विहीर असते जमीनधारकाची. ज्या भूमिहीन मजुराने कुदळ चालविली, त्याच्या वाट्यास त्यातले काय येते? आणि ते पाणी जर उसाला गेले, तर पुढील उन्हाळा निराळा कसा होणार? साखर कारखान्यांच्या लातूर जिल्ह्यात हे प्रश्न टाळण्यासारखे नाहीत. जातीय दुही मिटल्याचे दृश्य कॅमेऱ्याला टिपता येते. पाण्याची वाटणी टिपावयास अनेक वर्षे लागतात, आणि दूरचित्रवाणीच्या एका भागात ती मावत नाही.

न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे की संस्था स्वतः त्या आख्यानापाशी थांबली नाही. २०२० पासूनच्या 'समृद्ध गाव' स्पर्धेत पाण्याचे व्यवस्थापन आणि माती हे विषय आले. २०२२ पासूनच्या 'फार्मर कप' मध्ये शेतकऱ्यांचे गट हा पाया ठरला. 'डिजिटल शेतीशाळे'त शेतकरी आपल्या पिकाविषयी तज्ज्ञांना प्रश्न विचारू शकतो. पुण्याच्या रेडिओ मंडळांतील परतीची वाट येथे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पुन्हा उघडलेली दिसते. तरीही एक भेद उरतो. शेतकरी प्रश्न विचारतो तो ठरलेल्या विषयाच्या आत. स्पर्धेचे निकष आणि गुणांकन ठरविणे हे भरविणाराकडेच राहते. संवाद सहायकेलाही नियम बदलता येत नव्हते, हे खरे. पण नियमाची अडचण सांगणे हे तिचे कामच होते.

(४)

या दोन प्रयोगांच्या शेजारी तिसरे एक उदाहरण ठेवता येईल. मराठवाड्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या झहीराबाद भागातील माचनूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे 'संघम् रेडिओ' केंद्र २००८ साली सुरू झाले. ते दलित स्त्रिया चालवितात, आणि कार्यक्रम त्यांच्याच बोलीत होतात. भाषेचा हा मुद्दा नांदेडला विशेष लागू पडतो. देगलूर-बिलोलीकडील मराठीशी तेलुगू व कन्नड यांचे साहचर्य आहे. नांदेड शहरात दखनी उर्दू आहे. किनवटच्या डोंगरात गोरमाटी, गोंडी आणि कोलामी आहेत. पुण्या-मुंबईत संस्कारिलेल्या मराठीतील चित्रफीत येथे समजते, यात शंका नाही. परंतु समजणे आणि त्या भाषेत उलट बोलता येणे यांत अंतर आहे. आणि ज्या भाषेत उलट बोलता येत नाही, तिच्यात संवादाऐवजी केवळ श्रवण घडते.

संस्थांना नवमाध्यमांचे साहाय्य देणाऱ्या कोणत्याही प्रतिष्ठानाचे परीक्षण करताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत, असे यावरून दिसते. विषय कोणी निवडला? आलेल्या उत्तराने मूळ योजनेत काही बदलले काय? आणि चित्राच्या चौकटीबाहेर कोण राहिले? प्रेक्षकसंख्या या तिन्ही प्रश्नांना उत्तर देत नाही. तरीही ती सहज मोजता येते म्हणून अहवालात तिलाच अग्रस्थान मिळते, आणि संशोधकही पुष्कळदा तीच उचलतात. नांदेड व लातूर येथील पदव्युत्तर अभ्यासकांना याहून अवघड परंतु अधिक फलदायी काम उपलब्ध आहे. ज्या गावांत चित्रीकरण झाले, तेथे काही उन्हाळे गेल्यावर जाऊन विहिरींची, पिकांची आणि मजुरांच्या घरांची नोंद करावी. आणि किल्लारी परिसरातील ज्या स्त्रिया एकेकाळी संवाद सहायक होत्या, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. भूकंपास तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. यास्तव हे दुसरे काम आता लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.