नाव झाकले, म्हणजे न्याय झाला का?

संशोधन-नियतकालिकांचे संपादक एक वाक्य हमखास ऐकवतात : ‘आम्ही लेख पाहतो, लेखक पाहत नाही.’ आज आपल्याला हे वाक्य तपासायचे आहे. यात एक गृहीतक दडलेले आहे. लेखाची गुणवत्ता लेखात असते आणि पाहणाऱ्याला ती जशीच्या तशी दिसते, असे हे गृहीतक.

1982 मध्ये पीटर्स आणि सेसी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामांकित संस्थांतल्या लेखकांचे, आधी छापून आलेले 12 लेख त्यांनी बनावट नावे आणि बनावट संस्था घालून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. तीनच लेख ओळखले गेले. उरलेल्या 9 पैकी 8 नाकारले गेले, आणि कारणांत संशोधनपद्धतीचे गंभीर दोष दाखवले गेले! आता कोणी म्हणेल, ही नियतकालिके एरवीही बहुतेक लेख नाकारतातच. बरोबर आहे. पण मग निर्णय लहरी ठरतो. प्रतिष्ठा असो की लहर, संपादकांचे वाक्य काही टिकत नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे नाव झाकून परीक्षण. आमचा त्याला पाठिंबाच आहे. पण नाव झाकले तरी विषय झाकला जात नाही, भाषा झाकली जात नाही.

2017 चे उदाहरण घ्या. ‘जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी’ने ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या चळवळीवर परिसंवाद छापला. त्यात एकही कृष्णवर्णीय लेखक नव्हता. ख्रिस लेब्रॉन यांनी खुले पत्र लिहिले, आणि संपादकांनी माफी मागितली. इथे चूक परीक्षणापुरती नव्हती. या प्रश्नावर विचार करणारी माणसे कोण, याचे संपादकांच्या मनातले चित्रच अपुरे होते.

हे चित्र आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी 2002 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त उघडे केले. काहींनी सिद्धान्त मांडायचे आणि इतरांनी अनुभव, माहिती पुरवायची, अशी ज्ञानातही वर्णव्यवस्था आहे, हा त्यांचा मुद्दा. त्याआधी, 1998 मध्ये, पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी त्याच साप्ताहिकात दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याची दखल घेतली होती. ते बोलणे ‘अनुभव’ म्हणून बाजूला ठेवायचे नाही, त्यातून स्त्रीवादाची भूमिकाच नव्याने मांडायची, हा त्यांचा आग्रह.

आणि आमच्या विषयात काय? तत्त्वज्ञानाच्या 25 नामांकित इंग्रजी नियतकालिकांची पाहणी 2018 मध्ये आली. स्त्री-लेखकांचे प्रमाण 14 ते 16 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अध्यापकांतल्या स्त्रियांच्या प्रमाणापेक्षाही कमी.

एक कबुली देतो. आम्हीही परीक्षक होतो. एकदा घरकामाच्या श्रमावरचा एक लेख आमच्याकडे आला, नाव झाकलेला. आम्ही शेरा मारला : ‘हे अनुभवकथन आहे, तत्त्वज्ञान नव्हे.’ लेख परत गेला. पण देकार्त शेकोटीजवळ बसून स्वतःविषयी लिहितो, ते आम्ही वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान म्हणूनच शिकवत होतो की! हा प्रश्न आम्हाला निवृत्तीनंतर पडला. त्या लेखामागच्या व्यक्तीची नोकरी, बढती त्यावर अवलंबून असेल, हेही तेव्हा मनात आले नाही.

‘मग काय, दर्जा सोडायचा?’ असे विचारले जाते. नाही. दर्जाची कारणे द्यायची. किती लेख आले, कोणाचे आले, किती परत गेले, परीक्षक कुठून निवडले, हे दर वर्षी जाहीर करायचे. परीक्षकाने ‘हे या विषयात बसत नाही’ असे लिहिले, तर विषयाची कुंपणे कोणी घातली, हे संपादकाने त्याला विचारायचे. आम्हाला ते तेव्हा कोणी विचारले असते, तर तो लेख कदाचित वाचला गेला असता.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि हो, पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.