आर्षाभासाचा एक नमुना

'टर्मिनेटर २डी : नो फेट' हा बिटमॅप ब्युरोचा २०२५ सालचा संगणकीय खेळ जेम्स कॅमेरॉन यांच्या १९९१ च्या 'टर्मिनेटर २ : जजमेंट डे' या चित्रपटावर आधारलेला आहे. चित्रे ठिपक्याठिपक्यांनी, म्हणजे पिक्सेलांनी रेखाटलेली. पात्रे आडव्या पटावर धावतात, गोळ्या झाडतात. पाहणारास तो चित्रपटाच्याच काळातला वाटावा, हा हेतू उघड आहे.

तथापि त्या काळाची साक्ष निराळी आहे. १९९१ सालीच मिडवे कंपनीने याच चित्रपटावर नाणे टाकून खेळावयाचा जो खेळ काढला, त्यात नटांची छायाचित्रेच संगणकात उतरवून घेतली होती. घरगुती यंत्रांवर ठिपके दिसत, ते नाइलाजाने. चित्रपटातील द्रवधातूचा मारेकरी तर तत्कालीन संगणक-चित्रणाची परमावधीच होय. सारांश, १९९१ ची दृष्टी पुढे होती. या खेळाची मागे आहे. पूर्वसूरींना जे रूप अडचणीचे वाटले, ते उत्तरकालीन लेखकाने अलंकार म्हणून मिरवावे, अशातलाच हा आर्षाभास.

एवढ्यावरून खेळ त्याज्य ठरत नाही. भवितव्य अटळ नाही असे चित्रपट म्हणतो खरा, परंतु प्रेक्षकापुढे शेवट एकच ठेवतो. खेळात शेवट अनेक आहेत. चित्रपटाचे विधान येथे संकेतार्थी, 'जर–तर'चे झाले आहे, आणि मूळ आशयाशी ते अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटते. द्रवधातूचे अखंड वितळणे मात्र सुट्या ठिपक्यांत उतरत नाही; त्यातली भीती गेली आहे.