मशालजीची स्वामिनिष्ठा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोवती बसून खेळायचा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. प्रत्येक खेळाडू एका कल्पित वीराची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि भुयारातल्या लढाया फाशांच्या दानावर ठरतात. आटपाडीसारख्या माणदेशी गावात साहित्य शिकवणाऱ्या मास्तराचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. लढाईची रचना कल्पिताना माणूस समाजाचीही रचना कल्पितो. ती तपासणे हे समीक्षेचेच काम आहे.

या खेळातले डावपेच वरवर निव्वळ व्यवहारी वाटतात. अरुंद वाटेत चिलखतवाले पुढे, जादूगार मागे. पण एका हातात ढाल आणि दुसऱ्यात तलवार असल्यावर मशाल कोणी धरायची? सूत्रधारासाठीच्या १९७९च्या नियमग्रंथात त्याची सोय आहे. हमाल, मशालजी अशा पगारी माणसांची यादी आणि त्यांची मजुरी तिथे छापलेली आहे. भुयारातल्या अनेक प्राण्यांना अंधारात दिसते. उजेड ज्याच्या हाती, तो त्यांच्या नजरेत आधी भरतो. म्हणजे डावपेच आखणे हे मरण कोणाच्या वाट्याला घालायचे ते ठरवणेही आहे.

हा मशालजी आपल्या ओळखीचा आहे. गावगाड्यात त्याला तराळ म्हणत. आटपाडीचेच शंकरराव खरात यांनी 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनात ते जिणे आतून मांडले. रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावणारा तराळ गावाला हवा होता. माणूस म्हणून तो कोणालाच नको होता.

त्याच ग्रंथात पगारी माणसाची निष्ठा टक्क्यांत मोजलेली आहे. मजुरी नि वागणूक बरी असेल तर ती वाढते. पण त्याने पुढे जायचे नाकारले, तर त्याचा अर्थ एकच: निष्ठा कमी पडली. नकार हाही त्या माणसाचा डावपेच असू शकतो, हे या गणितात बसत नाही. आपल्या इतिहासात तो होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले, ते या बांधलेल्या चाकरीतून माणूस सोडवण्यासाठीच. कनिष्ठ वतने पुढे १९५८च्या कायद्याने गेली.

आज मराठीत अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: राक्षस खुशाल रचा. मात्र मशाल धरणाऱ्याला नाव द्या, आणि 'मी पुढे जाणार नाही' असे म्हणण्याचा अधिकारही द्या.