वंशावळीतले न लिहिलेले नाव

आपल्याकडे पुष्कळ घरांत कपाटात कुलवृत्तांताची एखादी जाडजूड प्रत असते. मूळ पुरुषापासून नातवंडांपर्यंत सारी नावे तीत मिळतात. मिळत नाहीत ती चारचौघांत न बोलायची नाती. अशा वंशावळींची गोडी असलेल्या वाचकाने अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांचा 'द हेमिंग्जेस ऑफ माँटिचेलो' (२००८) हा इंग्रजी ग्रंथ अवश्य वाचावा.

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांच्या व्हर्जिनियातील माँटिचेलो या वाड्यावर सॅली हेमिंग्ज (१७७३–१८३५) ही गुलाम स्त्री होती. नात्याने ती जेफर्सनच्या पत्नीची सावत्र बहीण. दोघींचा बाप एकच. तिच्या मुलांचे वडील जेफर्सनच, असा बोभाटा १८०२ मध्येच झाला होता. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्रात ते स्पष्ट सांगितले. जेफर्सनच्या नातवंडांनी मात्र बोट दाखविले त्यांच्या भाच्यांकडे, म्हणजे कार बंधूंकडे; आणि बहुतेक इतिहासकारांनी त्यांचेच खरे मानले.

गॉर्डन-रीड मूळच्या कायद्याच्या अभ्यासक. १९९७ च्या आपल्या पहिल्या ग्रंथात त्यांनी दोन्ही पक्षांच्या साक्षी एकाच तराजूत तोलल्या. जेफर्सन वरचेवर परगावी असत. पण सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी ते घरीच होते, हे त्यांच्याच टिपणांवरून दिसते. पुढे १९९८ मध्ये डीएनएची तपासणी झाली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. परंतु जेफर्सनचा औरस मुलगा जगला नव्हता, म्हणून त्यांच्या चुलत्याच्या वंशजांचे रक्त घेतले. ते सॅलीचा धाकटा मुलगा ईस्टन याच्या वंशजाशी जुळले. कार घराण्याचे जुळले नाही. तरी ही तपासणी घराणे सांगते, माणूस सांगत नाही. जेफर्सनच्या भावालाही तेच गुणसूत्र होते. माणूस ठरवावयाचा तर पुन्हा कागदांकडेच यावे लागते. दुसऱ्या एका घराण्यात चालत आलेली अशीच कथा या तपासणीत टिकली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

२००८ च्या ग्रंथाचे मोठेपण असे की त्यात सॅली एकटी नाही, सारे कुटुंब आहे. तिचा भाऊ जेम्स पॅरिसला फ्रेंच पाकक्रिया शिकला, १७९६ मध्ये मुक्त झाला आणि १८०१ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याने स्वहस्ते लिहिलेली मुदपाकखान्यातल्या भांड्यांची यादी शिल्लक आहे. ती वाचताना मन चरकते. उणीव सांगावयाची तर, सॅलीचे एकही पत्र उरलेले नसताना लेखिका तिच्या मनात शिरू पाहते, आणि तेथे 'असे वाटले असेल' फार होते. गुलाम मुलीच्या संमतीला काय अर्थ, या प्रश्नावर लेखिकेने पुष्कळ पाने खर्च केली, तरी माझे समाधान झाले नाही. या ग्रंथाला २००९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, ते मात्र यथार्थच होय.

मॅडिसनने सांगितले त्यास १९९८ मध्ये सव्वाशे वर्षे झाली होती. इतका काळ त्याची साक्ष छापील स्वरूपात समोर होती. ती गुलामाची म्हणून हलकी ठरली. दिवाळीत घर भरले म्हणजे कोणीतरी वंशावळ काढतेच. ती वाचताना नावे कोणी लिहिली आणि कोणाचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही, हे विचारण्याची सवय हा ग्रंथ लावतो.