कुरघोडीचा विनोद आणि मध्यमवर्गीय संकोच : ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ ते ‘छोटी सी बात’

प्रस्तावना

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात या गावाची कायमची नोंद झाली. मराठी रूपांतराच्या इतिहासातही सांगली परिसराचे स्थान तेवढेच मोलाचे आहे, मात्र त्याची चर्चा तुलनेने कमी होते. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ लिहिले. त्याचे मूळ आर्थर मर्फी या अठराव्या शतकातील नाटककाराच्या ‘ऑल इन द राँग’मध्ये होते, आणि मर्फीने आपले कथानक मोलिएरकडून घेतले होते. पुढे याच नाटकाचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. फ्रान्सहून इंग्लंडमार्गे आलेले फाल्गुनराव आणि कृत्तिका आज कोणाही मराठी प्रेक्षकास परके वाटत नाहीत. रूपांतरकाराने कथा कोठून घेतली यापेक्षा ती आणताना वाटेत काय टाकले आणि काय नव्याने भरले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच.

हाच प्रश्न चित्रपटाच्या संदर्भात विचारण्याजोगा एक उत्तम नमुना मुंबई-खंडाळ्याच्या परिसरात घडलेला आहे. बासू चटर्जी यांचा १९७६ मध्ये प्रदर्शित झालेला ‘छोटी सी बात’ हा हिंदी चित्रपट रॉबर्ट हेमर यांच्या १९६० सालच्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या ब्रिटिश चित्रपटावर आधारलेला आहे. भाषा हिंदी असली तरी त्याचे विश्व मुंबईच्या कार्यालयांत राबणाऱ्या, बसच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मध्यमवर्गाचे आहे. त्याचा नायक अमोल पालेकर मराठी प्रायोगिक रंगभूमीवरून आलेला, बँकेत नोकरी केलेला नट आहे. मराठी प्रेक्षकाने हा चित्रपट आपला मानला, यात नवल नाही. प्रस्तुत लेखात या दोन चित्रपटांच्या आधारे कुरघोडीच्या विनोदाचे स्वरूप तपासले आहे.

कुरघोडीचे शास्त्र

इंग्रजी चित्रपटाच्या मुळाशी कादंबरी नाही, नाटकही नाही. आहेत ती स्टीफन पॉटर या लेखकाची उपहासात्मक मार्गदर्शक पुस्तके. खेळात प्रत्यक्ष फसवणूक न करता कसे जिंकावे हे सांगणारे त्याचे पहिले पुस्तक १९४७ साली आले. त्यानंतर तीच विद्या त्याने १९५० च्या ‘लाइफमनशिप’मध्ये साऱ्या आयुष्याला लावली आणि १९५२ मध्ये ‘वन-अपमनशिप’ या नावाने आणखी पुढे नेली. पॉटरचे सूत्र साधे आहे : जो वरचढ नाही तो खालचाच. प्रतिस्पर्ध्याला वाट पाहायला लावावे, त्याच्या फटक्याची इतकी बारकाईने स्तुती करावी की तो स्वतःच्या हाताकडे पाहू लागावा आणि फटका चुकावा, त्याच्या प्रकृतीची नको तेवढी चौकशी करावी. या साऱ्यात नियम कोठेही मोडत नाही. हरलेल्याला आपण फसलो हे कळते, पण त्याला ते सिद्ध करता येत नाही. कुरघोडी आणि लबाडी यांतील फरक तो हाच.

मराठीत या प्रकाराचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे पु. ल. देशपांडे यांचा मुंबईकर, पुणेकर किंवा नागपूरकर होऊ इच्छिणाऱ्यास सल्ला देणारा लेख होय. तेथेही मार्गदर्शिकेचे गंभीर सोंग आहे, तेथेही माणसे एकमेकांवर मात कशी करतात याचे निरीक्षण आहे. मात्र पु.लं.ना त्या माणसांचा लळा आहे. पॉटर अधिक कोरडा आहे. त्याला व्यक्तीत रस नाही, डावात आहे.

पॉटरच्या पुस्तकांना कथानक नसल्यामुळे चित्रपटकर्त्यांना ते निर्माण करावे लागले. हेन्री पाल्फ्री (इयान कारमायकेल) हा स्वतःच्या कंपनीचा मालक असूनही हाताखालच्या जुन्या कारकुनाकडून दबला जाणारा तरुण. एप्रिल (जॅनेट स्कॉट) या मुलीवर त्याचे मन जडते. पण रेमंड डेलॉनी (टेरी-थॉमस) तिला त्याच्या डोळ्यांदेखत पळवतो : हॉटेलात त्याच्या खर्चाने जेवतो, टेनिसमध्ये त्याची दुर्दशा करतो, आणि प्रत्येक गुणानंतर गोड शब्दांत सहानुभूती दाखवून जखमेवर मीठ चोळतो. पाल्फ्री मग येओव्हिल या गावी मिस्टर पॉटर (अॅलिस्टर सिम) यांच्या महाविद्यालयात दाखल होतो. येओव्हिल हे हातमोज्यांच्या धंद्यासाठी ओळखले जाणारे साधेसुधे गाव. तेथे असे अचाट महाविद्यालय असणे हाच एक विनोद आहे.

या चित्रपटाचे आकर्षण कथेपेक्षा निरीक्षणात अधिक आहे. ब्रिटिश समाजात कोणी कोणाला कोणत्या नावाने हाक मारावी, वेटरशी कोणत्या सुरात बोलावे, कोणती मोटार बाळगावी, या बाबी वर्गाच्या अलिखित घटनेतील कलमांसारख्या आहेत. डेलॉनीला ती कलमे पाठ आहेत. पाल्फ्रीजवळ पैसा आहे, पेढी आहे, शिक्षणही आहे. नाही तो फक्त ती कलमे दुसऱ्यावर चालवण्याचा निर्लज्जपणा. चित्रपट जे उघडे पाडतो ते असे की प्रतिष्ठा हा गुण नसून सराव आहे आणि तो फी भरून शिकता येतो. १९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’मध्ये हेमर यांनी उमराव घराण्यातील वारसांना एकामागून एक मारून टाकणारा नायक रंगवला होता. तेथे वर्गाची शिडी चढण्यास खून लागले, येथे केवळ शिष्टाचार पुरतात. दुसरे निदान अधिक बोचरे म्हणावे लागेल.

येओव्हिल ते खंडाळा

‘छोटी सी बात’मध्ये पाल्फ्रीचा अरुण प्रदीप होतो, एप्रिलची प्रभा नारायण (विद्या सिन्हा), डेलॉनीचा नागेश (असरानी) आणि पॉटरचा कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग (अशोक कुमार). कर्नलचे नावच एक कुरघोडी आहे : अर्धे ख्रिस्ती, अर्धे हिंदू, आणि पुढे लष्करी हुद्दा. ऐकणारा ते पुरते ऐकून घेईपर्यंत निम्मा खचलेला असतो. पण खरा बदल वेगळाच आहे. पॉटर संस्था चालवतो; तेथे वर्ग आहेत, विद्यार्थी आहेत, प्रशिक्षणाची शिस्त आहे. खंडाळ्याच्या बंगल्यातील कर्नलचे नाते मात्र तालमीतील वस्तादासारखे आहे. कृष्णाकाठच्या वाचकास हा फरक वेगळा समजावून देण्याची गरज नाही. महाविद्यालय प्रमाणपत्र देते, वस्ताद पठ्ठ्याची जबाबदारी घेतो. अशोक कुमार यांच्या अभिनयातील वडीलधारी मिस्कीलपणामुळे हे नाते अधिकच ठसते. सिम यांच्या चेहऱ्यावर जी थंड, काहीशी भयावह मौज आहे, ती येथे सर्वस्वी नाहीशी झाली आहे. हा तोटा आहे की लाभ, याविषयी दुमत होऊ शकेल; चित्रपटाच्या प्रकृतीला मात्र तो मानवला आहे.

दुसरा बदल साधनांचा. इंग्रजी चित्रपटात मोटारी, टेनिसचे मैदान आणि महागडी हॉटेले आहेत. हिंदी चित्रपटात बसथांबा, स्कूटर, टेबल टेनिस आणि दुपारचे जेवण. स्कूटर हे शस्त्र वाटणे आजच्या विद्यार्थ्यास चमत्कारिक वाटेल. परंतु परवाना पद्धतीच्या त्या काळात नाव नोंदवून स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असे. नागेश बसथांब्यावर स्कूटर थांबवून प्रभेला मागे बसवून नेतो, तेव्हा तो केवळ एक मुलगी नेत नाही. रांगेत उभ्या असलेल्या साऱ्या शहराला मागे टाकतो. अरुण प्रत्युत्तर म्हणून मोटारसायकल घेतो आणि गॅरेजवाला त्याच्या गळ्यात भंगार मारतो. इंग्रजी चित्रपटातील जुन्या मोटारीच्या प्रसंगाचे हे रूपांतर मूळाहून अधिक लागते, कारण पाल्फ्रीचे नुकसान मालकाचे आहे आणि अरुणचे पगारदाराचे.

जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ उपाहारगृहाचाही उल्लेख केला पाहिजे. हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, त्यामुळे चित्रपटातील ती दृश्ये आता दस्तऐवज बनली आहेत. कोणत्या टेबलाशी बसावे, काय मागवावे, बिल कोणी उचलावे, या प्रश्नांवर येथे एका माणसाचा आत्मविश्वास मोडतो. इंग्रजी मूळात हॉटेलातील अपमान नायकाच्या वर्गातीलच कोणीतरी केलेला असतो. येथे नागेश आणि अरुण दोघेही नोकरदारच आहेत, त्यांच्यात उत्पन्नाची मोठी दरी दिसत नाही. म्हणून हा वर्गसंघर्ष नव्हे. एकाच पायरीवरील दोघांची कोपरखळ्यांची झुंज आहे. चि. वि. जोशींच्या चिमणरावापासून मराठी विनोदाला ही पायरी चांगली परिचित आहे. अमिताभ बच्चन स्वतःच्याच भूमिकेत कर्नलकडे सल्ला मागायला येतात, तो प्रसंग या दृष्टीने फारच मार्मिक आहे. त्या काळचा संतप्त नायकही या शाळेचा गिऱ्हाईक ठरतो आणि पडद्यावरील पौरुषाची हवा एका क्षणात निघून जाते.

प्रभेचे स्थान

या विनोदप्रकाराची खरी अडचण स्त्री-पात्राच्या बाबतीत दिसते. दोन पुरुष खेळतात आणि स्त्री ही त्या खेळातील ढाल किंवा बक्षीस ठरते. पॉटरच्या विद्येत मुलीला वश करण्याचे डावही आहेत. ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’च्या अखेरीस पाल्फ्री एप्रिलला घरी आणून असाच एक डाव टाकतो आणि ऐन वेळी त्याचे मन कच खाते. तो प्रांजळपणे सारे सांगून टाकतो. पॉटरला शिष्याचा हा प्रामाणिकपणा अधःपात वाटतो, हा शेवट निःसंशय हुशार आहे. तरीही एप्रिलला स्वतःचे असे मत चित्रपटात फारसे मिळत नाही.

बासू चटर्जी यांनी येथे केलेला फेरबदल लहान आहे, पण निर्णायक आहे. प्रभेला अरुणचे आपल्या मागे मागे येणे पहिल्यापासून ठाऊक आहे. बसथांब्यावर, रस्त्यावर तो मागे आहे हे ती जाणते, मैत्रिणीजवळ त्यावर हसते, त्याने बोलावे अशी वाटही पाहते. परिणामी अरुणला जे मिळवायचे आहे ते त्याला आधीच मिळालेले आहे. त्याला एकट्यालाच ते माहीत नाही. खंडाळ्याचे सारे शिक्षण मग प्रभेवर नव्हे, नागेशवर आणि अरुणच्या स्वतःच्या संकोचावर खर्च होते. टेबल टेनिसच्या सामन्यात नागेशची दाणादाण उडते तेव्हा प्रेक्षक मोकळेपणाने हसू शकतो, कारण त्या विजयाची किंमत कोणा तिसऱ्याने मोजलेली नाही.

असे असले तरी हा फेरबदल चित्रपटास पूर्णपणे निर्दोष करतो, असे म्हणता येणार नाही. स्त्रीचा पाठलाग करणे हा २०१३ पासून भारतीय कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे. आजच्या वर्गात हा चित्रपट दाखवला असता विद्यार्थिनी पहिल्या अर्ध्या तासात कोठे हसतील आणि कोठे गप्प राहतील, याचा अंदाज अध्यापकाने आधीच घेतलेला बरा. प्रभेला अरुण आवडतो हे पटकथाकाराने ठरवले म्हणून ते पाठलाग सुसह्य होतात. तिला तो आवडत नसता तर तेच प्रसंग, त्याच क्रमाने, एका वेगळ्या चित्रपटाचे झाले असते. पालेकरांच्या अभिनयातील निरुपद्रवी अवघडलेपणाने ही शक्यता झाकली जाते. ती मिटत नाही.

या पटकथेसाठी बासू चटर्जी यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आधारित कृतीला पटकथेचा सन्मान कसा, अशी शंका घेणाऱ्यांनी देवलांच्या फाल्गुनरावाकडे पुन्हा पाहावे. उलट उदाहरणही उपलब्ध आहे. २००६ साली अमेरिकेत ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ याच नावाने नवा चित्रपट निघाला. त्यात शिक्षकच विद्यार्थ्याचा प्रतिस्पर्धी होतो, डाव दांडगाईवर येतात आणि पॉटरच्या विद्येतील नियम न मोडण्याची मुख्य अटच सुटून जाते. नाव तेच राहिले, प्रकृती मात्र हरवली.

हेमर यांच्या चित्रपटाच्या शेवटी येओव्हिलच्या स्थानकावर आणखी एक नवा विद्यार्थी गाडीतून उतरतो. तो डेलॉनी असतो.