जातिसंख्येचा निकष आणि वनभूमीवरील भुंगेरे

तोड न होणाऱ्या वनात जीवजाती अधिक आणि व्यवस्थापित वनात कमी, हे विधान इतके रूढ आहे की त्याची कसोटी घेण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. योआं पाइये व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात ती कसोटी घेतली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद होय. युरोपातील ४९ प्रसिद्ध निबंधांतून १२० तुलना एकत्र करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, व्यवस्थापनमुक्त वनात एकूण जातिसंख्या किंचितच अधिक असते. दगडफूल, बुरशी, मृत लाकडावर जगणारे भुंगेरे आणि जमिनीवर वावरणारे कॅरॅबिड भुंगेरे यांना व्यवस्थापन बाधते. उलट वाहिनीवंत वनस्पतींना ते मानवते.

‘किंचित’ हा शब्द मात्र धोक्याचा आहे. तोडीने फारसे बिघडत नाही, असा त्याचा अर्थ सहज लावता येतो. वस्तुतः तोड थांबून जितका अधिक काळ लोटला असेल तितके हे अंतर वाढते, असे त्याच निबंधात नमूद आहे. म्हणजे ‘किंचित’ ही सरासरी आहे. नुकतीच मोकळी सोडलेली वनेही तीत मोजली गेली आहेत. पानू हाल्मे प्रभृतींनी त्याच वर्षी या विश्लेषणाला सदोष ठरविले, यावरून वादाची तीव्रता ध्यानी येते.

तथापि मूळ अडचण गणिताच्या अलीकडची आहे. जातिसंख्या ही केवळ बेरीज. कोण आले आणि कोण गेले, हे ती सांगत नाही. निएमेला, लँगर व स्पेन्स यांच्या १९९३ च्या पश्चिम कॅनडातील अभ्यासात, तोडीनंतर पुन्हा वाढणाऱ्या वनखंडांत कॅरॅबिडांच्या जाती प्रौढ वनापेक्षा अधिक आढळल्या. कारण उघड्या जागेतील जाती तेथे शिरल्या होत्या; जुन्या वनाला बांधलेल्या जाती परतल्या नव्हत्या. बेरीज वाढली, पण वन दरिद्री झाले.

मापनाचे साधनही निर्दोष नाही. जमिनीत काठापर्यंत पुरलेल्या पेल्यांत किती भुंगेरे पडतात, हे त्यांच्या संख्येइतकेच त्यांच्या हालचालीवर आणि पेल्याभोवतीच्या झाडोऱ्यावर अवलंबून असते, हे ग्रीन्स्लेड यांनी १९६४ मध्येच दाखविले होते.

उपऱ्या जातींमुळे बेरीज फुगण्याची शक्यता असूनही युरोपातील व्यवस्थापित वनांत कॅरॅबिड उणे ठरले, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. वननिष्ठ जातींची हानी आकड्यात दिसते त्याहून कमी असणे संभवत नाही. अधिक मात्र असू शकते. यापुढील तुलनांत जातींची संख्या नव्हे, तर जातींची यादी प्रथम मांडली गेली पाहिजे. अन्यथा आकड्याच्या आधारे वन राखले जाईल किंवा तोडले जाईल, आणि दोन्ही निर्णय सारखेच निराधार ठरतील.